इंदूर कॅथॉलिक धर्मप्रांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाल चर्चवरून रोज ये-जा करणारे, मुलांना मिशनच्या शाळेत घालणारे, नात्यात एखादं ख्रिस्ती लग्न ठरलेले, आणि नाशिक-वसईहून उदयनगरच्या यात्रेला येणारे अशा मराठी मंडळींचे तेच तेच प्रश्न आमच्याकडे येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. धर्मप्रांत म्हणजे नक्की काय? बिशप हा सगळ्या फादरांचा साहेब का?

एका बिशपच्या देखरेखीखाली दिलेला भूभाग म्हणजे धर्मप्रांत. त्यात अनेक धर्मग्रामं, म्हणजे एकेका चर्चभोवतीचे पॅरिश, असतात आणि प्रत्येक धर्मग्रामाला एक फादर नेमलेला असतो. फादरांच्या बदल्या बिशप करतात. मात्र धर्मप्रांतात काम करणारे सगळे फादर आणि सिस्टर त्यांच्या हाताखाली नसतात. अनेक जण एखाद्या संन्यासी संघाचे (व्रत घेतलेल्या फादर-सिस्टरांच्या संस्थेचे) असतात आणि त्यांची नेमणूक त्यांच्या संघाचे वरिष्ठ करतात. म्हणून एखाद्या शाळेची तक्रार बिशप हाउसवर नेली आणि “ही शाळा सिस्टरांच्या संघाची, तिकडे बोला” असं ऐकायला मिळालं, तर ती टोलवाटोलवी आहे असं लगेच समजू नका.

इंदूर धर्मप्रांत भोपाळच्या महाधर्मप्रांताशी जोडलेला आहे. पण भोपाळचे आर्चबिशप इंदूरचा रोजचा कारभार पाहत नाहीत.

२. लाल चर्च आणि व्हाइट चर्च एकाच संस्थेची आहेत का?

नाहीत. लाल चर्च कॅथॉलिक आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचं हे इंदूर धर्मप्रांताचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च. व्हाइट चर्च म्हणजे सेंट अ‍ॅन्स. ते १८५८ सालचं, मूळचं अँग्लिकन, आणि आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे सीएनआयचं.

दोन्ही चर्च राजवाड्यापासून लांब, रेसिडेन्सीच्या बाजूला का, असंही विचारतात. १८१८ च्या मंदसोर तहानंतर इंदुरात इंग्रज रेसिडेंट बसला. रेसिडेन्सीच्या हद्दीत होळकरांचा नव्हे, इंग्रजांचा अंमल चाले. चर्च, बंगले, दवाखाने तिथेच उभे राहिले. शहराचा नकाशा समोर धरला तर ही जुनी हद्द आजही बोटाने दाखवता येते.

३. सीएनआयच्या धर्मप्रांताचं नाव भोपाळ, मग त्यांचे बिशप इंदुरात कसे?

कारण त्यांचा मूळ पसारा इंदूर-माळव्याचाच. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ मध्ये मध्य भारतात आलं. १८८७ मध्ये सुरू झालेलं इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्यांचंच. किशोरकुमार तिथे शिकले, हे इंदूरकराला वेगळं सांगायला नको. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं आणि माळव्यातल्या या मंडळ्या त्यात गेल्या. धर्मप्रांताला नाव राजधानीचं मिळालं, बिशप मात्र इंदूरच्या रेसिडेन्सी भागात राहिले.

कॅथॉलिकांचं भोपाळ वेगळं (प्रश्न १). पत्र टाकताना किंवा दाखला मागताना दोन्हींची गल्लत करू नका. चुकीच्या दारात अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो.

४. होळकरांच्या मुलखात कॅथॉलिक आले कधी? इंग्रजांच्या पलटणीबरोबरच ना?

अर्धं खरं. महूची छावणी वसल्यावर तिथल्या आयरिश शिपायांसाठी कॅथॉलिक फादर येऊ लागले. पण ती सोय पलटणीपुरती होती. शिपायांची बदली झाली की चर्चही रिकामं.

खेड्यातली सुरुवात वेगळी आहे. पश्चिमेकडचा भिल्ल मुलूख कॅपुचिन या संन्यासी संघाच्या फ्रेंच फादरांकडे होता. त्यांचं राजपुताना मिशन १८९२ मध्ये आग्र्यापासून वेगळं झालं आणि १९१३ मध्ये अजमेर धर्मप्रांत बनलं. झाबुआकडच्या थांदल्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ठाणं मांडलं आणि पाठोपाठ छप्पन्या आला. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा हा दुष्काळ भिल्लांच्या घराघरांत अजून माहीत आहे. अनाथ पोरांना सांभाळणं हेच मग मिशनचं मुख्य काम होऊन बसलं. दक्षिणेला खांडव्याकडची बाजू नागपूर धर्मप्रांताखाली होती आणि तिथे फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे फादर काम करत.

म्हणजे आजचा धर्मप्रांत समजून घ्यायचा तर रेसिडेन्सीचे बंगले सोडून थांदल्याकडे पाहावं लागतं. आमच्या शहरी लोकांना हे पटायला जड जातं.

५. मग हे जर्मन आणि डच फादर कुठून आले?

ते एसव्हीडी, म्हणजे सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड, या संघाचे. आर्नोल्ड यान्सेन या जर्मन फादराने १८७५ मध्ये नेदरलँड्समधल्या श्टाइल गावी हा संघ काढला. १९३२ मध्ये संघाचे पहिले फादर भारतात आले ते इंदूरच्याच कामासाठी. ११ मार्च १९३५ रोजी पोपनी अजमेर आणि नागपूर या दोन धर्मप्रांतांचे तुकडे जोडून इंदूरचं स्वतंत्र प्रीफेक्चर केलं. धर्मप्रांत होण्याआधीची ही पायरी. हर्मन वेस्टरमान यांनी त्याची बरीच वर्षं धुरा वाहिली आणि १९५१ मध्ये ते ओडिशात संबलपूरचे बिशप झाले.

मधे दुसरं महायुद्ध आलं. जर्मन म्हणजे शत्रुराष्ट्राचे नागरिक, त्यामुळे देशभरातल्या जर्मन मिशनऱ्यांवर इंग्रज सरकारने नजरकैद लादली. मिशन म्हणजे इंग्रजांचाच हात, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी एवढा एक तपशील ध्यानात ठेवावा.

३ जुलै १९५२ रोजी इंदूर पूर्ण धर्मप्रांत झाला.

६. आजवर बिशप कोण कोण झाले?

फ्रान्स सिमॉन्स (१९५२ ते १९७१), जॉर्ज अनाथिल (सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून २००८), चाको तोट्टुमारिक्कल (२००८ ते २०२४) आणि २०२४ पासून थॉमस मॅथ्यू कुट्टिमॅकल. पहिले तिघे एसव्हीडीचे. कुट्टिमॅकल हे थेट धर्मप्रांताचेच फादर. बाहेरच्या संघाने उभं केलेलं काम स्थानिक फादरांच्या हाती आलं, याची ही खूण मानतात.

यातले सिमॉन्स हे विलक्षण गृहस्थ. डच माणूस, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे साठच्या दशकात रोमला भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेत, बसलेला, आणि १९६८ मध्ये पोपच्या अचूकतेच्या सिद्धांतालाच (श्रद्धेच्या बाबतीत पोपचा अधिकृत निर्णय चुकू शकत नाही, या शिकवणीला) पुरावा कुठे आहे, असं विचारणारं पुस्तक लिहून मोकळा झालेला. कुणा बंडखोर प्राध्यापकाने लिहिलं असतं तर एवढी चर्चा झाली नसती, इथे पदावर असलेला बिशप लिहीत होता! १९७१ मध्ये ते पदावरून दूर झाले. रोम-युरोपात हा वाद गाजला, आणि इंदुरातल्या फारच थोड्यांना ठाऊक आहे की तो आपल्याच गावच्या बिशपने पेटवला होता.

बिशप निवडणुकीने ठरत नाहीत. दिल्लीतला पोपचा राजदूत गुप्तपणे मतं मागवतो, नावं रोमला जातात, नेमणूक पोप करतात. पंच्याहत्तरी झाली की बिशपने राजीनामा द्यायचा असतो.

७. पूर्वी इंदूर धर्मप्रांत केवढा तरी होता म्हणतात. मग लहान का झाला? काम बुडालं का?

उलट. काम वाढलं की धर्मप्रांताच्या वाटण्या होतात, नांदत्या घराच्या होतात तशा. १९६३ मध्ये भोपाळ महाधर्मप्रांत झाला, १९७७ मध्ये खांडवा वेगळा निघाला, २००२ मध्ये झाबुआ. प्रत्येक वेळी इंदूरने मुलूख दिला, फादर दिले, आणि बऱ्याचदा चालू शाळा-दवाखानेही.

खांडव्याचे पहिले बिशप अब्राहम विरुथकुलंगरा हे १९९८ मध्ये नागपूरचे आर्चबिशप झाले, त्यामुळे विदर्भातल्या वाचकांना ते नाव ओळखीचं असेल. झाबुआचे पहिले बिशप तोट्टुमारिक्कल नंतर इंदुरात आले (प्रश्न ६). त्यांच्यानंतर झाबुआच्या गादीवर देवप्रसाद गणावा, बासील भूरिया आणि पीटर रुमाल खराडी हे भिल्ल समाजातले बिशप बसले. भूरिया २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने गेले. दुष्काळात पोरांना भाकरी देण्यापासून सुरू झालेल्या मिशनला शतकभरात त्याच मातीतले बिशप मिळाले. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि ती इंदूर शहरात घडलेली नाही.

८. उज्जैन एवढं जवळ, मग ते इंदूर धर्मप्रांतात का नाही?

कॅथॉलिकांमध्येही उपासनेच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत. इंदूर लॅटिन परंपरेचं. उज्जैन केरळच्या सिरो-मलबार परंपरेचं. १९६८ मध्ये उज्जैन, शाजापूर आणि राजगड हा भाग त्यांच्या फादरांकडे सोपवला गेला, १९७७ मध्ये तिथे धर्मप्रांत झाला आणि २०२५ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. पोप एकच, श्रद्धाही एकच. मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, रीत, पंचांग आणि कायदेसंहिता मात्र निराळी.

इंदुरात राहणाऱ्या मलयाळी कुटुंबांचं काय? २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सिरो-मलबार चर्चला देशभर अधिकार दिला. तेव्हापासून एकाच कॉलनीतले दोन कॅथॉलिक शेजारी दोन वेगळ्या बिशपांखाली असू शकतात. दाखल्यांच्या वेळी हे आडवं येतं (प्रश्न १५).

९. सिस्टर राणी मारिया कोण? त्यांना का मारलं?

केरळच्या पुल्लुवळी गावी २९ जानेवारी १९५४ रोजी जन्मलेली शेतकऱ्याची मुलगी. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची सिस्टर. उत्तर भारतात आधी काम करून १९९२ मध्ये त्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. तिथला आदिवासी शेतमजूर सावकाराच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. सिस्टरांनी बचतगट काढले, सरकारी योजनांचे अर्ज भरायला शिकवलं, बँकेत खाती उघडून दिली. वाचायला साधं वाटतं. पण दर हंगामाला बियाण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर बसणारा माणूस एकदम बँकेतून पैसे आणतो, तेव्हा गावातला हिशोबच बदलतो. कुणाला तरी ते बोचणारच होतं.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या सकाळच्या बसने इंदूरला निघाल्या होत्या. नाचनबोर घाटात भाडोत्री मारेकऱ्याने भर बसमध्ये त्यांच्यावर वार केले, खाली ओढून पुन्हा केले. जखमा पन्नासहून जास्त होत्या. बस प्रवाशांनी भरलेली होती.

मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला, २००६ मध्ये तो सुटला, आणि पुढे केरळात जाऊन त्याने त्यांच्या आईचे पाय धरले. हे सगळं इतकं नाटकी वाटतं की ऐकणारे आधी विश्वासच ठेवत नाहीत. झालं ते असंच.

१०. मग त्या संत झाल्या का? उदयनगरला जाता येतं का?

अजून नाही. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरच्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर त्यांना ‘धन्य’ घोषित केलं. त्यासाठी रोमहून कार्डिनल अँजेलो अमातो आले होते. श्रद्धेपायी हौतात्म्य आलेल्यांना ‘धन्य’ होण्यासाठी चमत्काराचा पुरावा लागत नाही. संतपदासाठी मात्र लागतो, तोही या घोषणेनंतर घडलेला आणि रोमने तपासलेला. त्यामुळे ‘संत राणी मारिया’ असं छापलेलं पत्रक आलं तर छापणाऱ्याला सांगा.

त्यांची समाधी उदयनगरच्या येशूच्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये आहे. कोणत्याही धर्माच्या माणसाला जाता येतं. स्मृतिदिन २५ फेब्रुवारी, त्या दिवशी गर्दी असते. शांतपणे बसायचं असेल तर दुसरा कुठलाही दिवस धरा. बसभरून मंडळी येणार असतील तर तिथल्या फादरांना आधी कळवा. गाव लहान आहे, शंभर माणसांचं जेवण आयत्या वेळी होत नाही.

११. ख्रिस्ती झालेल्या भिल्लांचं आरक्षण जातं का?

नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. ख्रिस्ती भिल्ल हा कायद्याने भिल्लच. अनुसूचित जातींचं वेगळं आहे: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो दर्जा आता हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. नगर-जालन्याकडून आलेल्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना हा फरक चांगलाच भोवला आहे. जमातींच्या बाबतीतही हा दर्जा काढावा अशी मागणी अधूनमधून उठते, पण कायदा आजवर बदललेला नाही.

सणवारांचंही विचारतात. भगोरिया हा होळीआधीचा हाट, त्याला ख्रिस्ती पोरंही जातात. नाताळात चर्चमध्ये मांदल, म्हणजे भिल्लांचा ढोल, वाजतो.

१२. मध्य प्रदेशात धर्मांतराला बंदी आहे का?

बंदी नाही, अटी आहेत. जबरदस्ती, लालूच, फसवणूक करून केलेलं धर्मांतर गुन्हा आहे. राज्यात पहिला कायदा १९६८ चा, त्यामागे मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल. त्या कायद्याविरुद्ध एका फादरने केलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७७ मध्ये न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं त्या निकालात म्हटलं आहे.

आता २०२१ चा कायदा लागू आहे. स्वतःहून धर्म बदलायचा असला तरी ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाहीर निवेदन द्यावं लागतं, आणि विधी करणाऱ्या फादरनेही आधी कळवायचं असतं. स्वेच्छेने लग्न करणाऱ्या सज्ञान जोडप्यांवर आधी निवेदन देण्याच्या कलमाखाली कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. प्रकरण अंगावर आलं तर वकील गाठा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सल्ल्यावर विसंबू नका.

चर्चची स्वतःची रीतही घाईची नाही. प्रौढ माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर बऱ्याच महिन्यांचं शिक्षण आधी घ्यावं लागतं.

१३. मिशनच्या शाळेत आरटीईच्या २५ टक्के जागा का नसतात?

अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्क कायदा लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी त्यावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. प्रवेशाची तक्रार कुठे न्यायची ते प्रश्न १ मध्ये आहे. बिशपांची चिठ्ठी आणली की प्रवेश पक्का, ही जुनी अफवा आहे.

१४. आम्ही ख्रिस्ती नाही. मिस्सेला येऊन बसलं तर चालेल का?

खुशाल या. रविवारची मिस्सा हिंदी आणि इंग्रजीत असते. मराठीत हवी असेल, म्हणजे घरचं वर्षश्राद्ध वगैरे असेल, तर फादरांना आधी विचारून बाहेरून मराठी फादर बोलावता येतो. नाताळच्या रात्री लाल चर्चच्या बाहेर शहर लोटतं, उभं राहायलाही जागा मिळत नाही. खरं पाहण्यासारखं हवं असेल तर ईस्टरच्या आदल्या रात्री या. सगळे दिवे मालवतात, बाहेर होळीसारखा विस्तव करतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती पेटवतात आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती लागत जाते.

कम्युनिअन, म्हणजे मिस्सेत वाटली जाणारी पवित्र भाकर, मात्र फक्त कॅथॉलिकांनी घ्यायचं. रांगेत उभं राहिलात तर हात छातीवर घ्या, फादर आशीर्वाद देतील. सीएनआयची मराठी मंडळी इथे हमखास दुखावतात, “आम्हीही ख्रिस्तीच ना?” म्हणून. प्रश्न रास्त आहे. नियम तरीही तसाच आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्यक्तीने स्वतःहून मागितलं तर काही अटींवर देता येतं.

१५. मुलगी कॅथॉलिक, मुलगा आपला मराठी हिंदू. धर्म न बदलता चर्चमध्ये लग्न होईल का?

होईल, बिशपांची परवानगी घेऊन. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी पुरतं. मुलगी आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून शक्य ते करेल, असं लिहून देते. मुलाने काहीच लिहून द्यायचं नसतं. मुलीने काय वचन दिलंय हे त्याला सांगितलं जातं, एवढंच. दोन्हीकडचे आई-वडील नेमके याच मुद्द्यावर भांडतात, म्हणून फॉर्म आधीच मागून घरी वाचा.

नुसतं वैदिक किंवा कोर्टातलं लग्न झालं तर कायद्याने ते पूर्ण वैध, पण चर्चच्या दृष्टीने मुलीचं लग्न झालेलं नसतं, जोवर चर्चबाहेर लग्न करण्याची सूट आधी घेतलेली नाही. कोर्टात करायचं तर विशेष विवाह कायद्याची ३० दिवसांची नोटीस धरून चाला.

मुलगी सिरो-मलबार कुटुंबातली असेल तर परवानगी त्यांच्या बिशपांकडून लागते (प्रश्न ८). हे बऱ्याचदा पत्रिका छापून झाल्यावर लक्षात येतं.

१६. धर्मप्रांताला पैसा परदेशातून येतो ना?

पूर्वी बराच येई. आता परकीय देणगी कायद्याची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात घेता येते, दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि कार्यालयीन खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. धर्मग्रामाचा रोजचा खर्च रविवारच्या दानातून आणि कुटुंबांच्या वर्गणीतून भागवायचा असतो. खेड्यातल्या धर्मग्रामात ती कधी मक्याच्या पोत्याच्या रूपाने येते.

१७. पणजोबांचा बाप्तिस्मा महूला झाला होता असं ऐकलंय. दाखला कुठे मिळेल?

बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला तिथल्याच नोंदवहीतून दाखला मिळतो, बिशप हाउसमधून नाही. म्हणून आधी पणजोबा कॅथॉलिक होते की प्रोटेस्टंट ते पक्कं करा (प्रश्न २ आणि ३), कारण महूला दोन्ही चर्च आहेत. १९३५ पूर्वीचा पत्रव्यवहार हवा असेल तर महू-इंदूर-झाबुआकडचा शोध अजमेरला आणि खांडव्याकडचा नागपूरला घ्या (प्रश्न ४). पणजोबा पलटणीत असतील तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत चर्चच्या नोंदींच्या नकला आहेत, तिथेही पाहा.

कॅथॉलिक नोंदवहीत एक सोय असते: लग्न कुठेही झालं तरी त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी समासात करायची असते. फोटो मागताना समासासकट मागा. अर्जात साल अंदाजाने लिहिलं तरी चालतं, पण वडिलांचं नाव आणि धर्ममातापित्यांचं (बाप्तिस्म्याच्या वेळी साक्षीला उभे राहणाऱ्या गॉडपेरेंट्सचं) नाव माहीत असेल तर जरूर लिहा, कारण एका पानावर चार-चार जोसेफ सापडतात.